आधी पेट्रोल, मग डिझेल

माझे सासरे बापूराव यांनी आमच्या गाडीच्या टाकीत लिटरभर पेट्रोल ओतलं. गाडी डिझेलची होती. एवढंच सांगितलं तर कोणीही म्हणेल, की म्हातारा भ्रमिष्ट असणार, नाहीतर जावयावर खार खाऊन असणार. दोन्ही खरं नाही. डिझेलचं इंजिन त्या माणसाला माणसांपेक्षा जास्त कळायचं. आणि जावयावर खार खायचा हक्क त्यांना खरोखरच होता, पण तो त्यांनी कधी वापरला नाही.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही इथं तसंच म्हणतो. मामाजींचं घर वर्ध्याला लागून, पिपरी मेघेत. पूर्वी तिथं सगळी भाजीची वावरं होती. आता दोन वावरं ओलांडली की तिसऱ्यात फ्लॅट स्कीमचा बोर्ड दिसतो. मामाजींचे अडीच एकर अजून शाबूत आहेत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि हिवाळ्यात वाटाणा. शेतकरी म्हणून त्यांचं नाव कोणी फारसं घेत नाही. त्यांचं नाव होतं ते जीपमुळे.

वीस-बावीस वर्षं त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. सकाळी भाजी बाजारात टाकायची, परत येऊन मागची बाकं झटकायची आणि सवारी भरायची. गिरडच्या दर्ग्यावर नवस फेडायला जाणारे लोक, लग्नाची पाहुणेमंडळी, सावंगीच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळ्यांना हीच जीप. भाडं न देता उतरणाऱ्यालाही मामाजी ‘येजो’ म्हणायचे. यावरून सासूबाईंनी त्यांना किती सुनावलं असेल त्याला गणती नाही.

जीपची एक खोड होती. थंडीत सकाळी ती उठायची नाही. स्टार्टर मारला की नुसती खाकरायची. मामाजी म्हणत, ‘डिझल गोठते.’ आपल्याकडे काही डिझेल गोठण्याइतकी थंडी पडत नाही, पण हे त्यांना सांगायची हिंमत कोणी केली नाही. त्यांच्या उस्तादानं शिकवलेला उपाय होता. वीस लिटर डिझेलला एक पाव, म्हणजे पाव लिटर, पेट्रोल. आणि क्रम ठरलेला, आधी पेट्रोल, मग वरून डिझेल. पेट्रोल हलकं, ते मागून ओतलं तर वर तरंगत राहतं. आधी ओतलं आणि त्यावर डिझेलची धार सोडली की घुसळून एकजीव होतं. पेट्रोल मोजायला सासूबाईंचा स्टीलचा पेला होता. त्याचा वास जाईना म्हणून शेवटी त्यांनी तो रागारागानं जीपलाच देऊन टाकला.

आता यात विज्ञान किती आणि भाविकपणा किती, देव जाणे. जीप सुरू व्हायची हे मात्र खरं. पुढं पुढं मामाजी उन्हाळ्यातही पावभर पेट्रोल घालायला लागले. लांबचा पल्ला असला की घालायचेच. ‘रस्त्यानं दगा देत नाई,’ असं त्यांचं म्हणणं. घरातून कोणी दूर निघालं की सासूबाई डबा भरायच्या आणि मामाजी टाकी. माझं लग्न झालं तेव्हा सुरभीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, वर्धा स्टेशनवर सोडायला जीप निघाली. स्टेशन तिथून जेमतेम वीस मिनिटांवर. तरी त्या दिवशी त्यांनी दोन पाव पेट्रोल घातलं होतं, हे मला सासूबाईंनीच हसत सांगितलं.

सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. कोकिळा त्यांचं नाव. चार दिवसांच्या तापात बाई गेली, मामाजींना काही कळायच्या आत. वर्ष उलटायच्या आधी त्यांनी जीप भंगारात काढली. मी विचारलं, चालती गाडी का विकली? तर म्हणाले, ‘बाजूच्या सीटवर आता कोनाले बसवू?’ आता त्यांच्याकडे एक मोपेड आहे. तिला बाजूची सीटच नसते.

तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. सुरभीनं माहेरी दुसरी रात्र राहावं.

आम्ही पुण्यात असतो. चार वर्षांत सात वेळा पिपरीला आलो आणि सात रात्री राहिलो. दर वेळी एक. सुरभी शनिवारी यायची, रविवारी निघायची. दिवाळीलाही तसंच. मला वाटायचं नोकरीमुळे. मामाजी संध्याकाळी चहा पिताना विचारायचे, ‘उद्या थांबता का?’ आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचे, ‘नाई, तुमाले कामं असतात.’ पुन्हा तो विषय काढायचे नाहीत. फक्त पुढच्या वेळी आलो की घरात काहीतरी नवं असायचं. एकदा गिझर लागला होता. एकदा खिडक्यांना मच्छरजाळी. एकदा तर परसातला संडास पाडून घरात कमोड बसवला होता आणि स्वतः मात्र गुडघे दुखत असूनही त्याच्यावर बसायला घाबरत होते. मी सुरभीला म्हणालो, मामाजींना म्हातारपणी हौस आली आहे. ती बॅग भरत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला गोष्टी उशिरा कळतात. राग तेवढा लगेच येतो.

या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या गाडीनं आलो. नवी कोरी नाही, पण मी तिला काचेच्या भांड्यासारखी जपत होतो. मामाजींनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेट उघडायला लावलं आणि आत डोकावले. वर प्लास्टिकचं झाकण होतं. ‘इंजिन कुठं हाये?’ असं विचारलं. खाली आहे म्हटलं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, ‘डिझल कुठं भरता?’

‘निघताना इथल्याच पंपावर. काटा खाली आलाय,’ मी म्हणालो.

त्यावर त्यांनी मान हलवली, आणि उद्या थांबता का हे त्या रात्री विचारलंच नाही.

सकाळी त्यांनी माझ्याकडे चावी मागितली. ‘द्या जवाईबापू, दव पडलं, काच पुसून देतो.’ मी दिली. आम्ही अंघोळी करून बाहेर आलो तर गाडी चकचकीत होती. मागच्या सीटवर वाटाण्याची पिशवी, वांगी आणि सांबारच्या चार जुड्या होत्या. मामाजी खूश दिसत होते. सुरभी पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘गाडी बिनघोर चालवा. काई होत नाई.’

पंपावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मी काटा बघितला. चार-पाच लिटर असावं. म्हटलं, पुढं भरू. एवढा एकच निर्णय मी त्या सकाळी घेतला, आणि तो चुकला.

समृद्धी महामार्गावर चढायच्या आधीच, येळाकेळीच्या अलीकडे, गाडी खडखडायला लागली. दाबलं तरी पळेना. समोर पिवळा दिवा लागला, मग दुसरा. मी गाडी कडेला घेतली आणि ती जी बंद पडली ती पुन्हा उठलीच नाही. सुरभीनं बाबांना फोन करू का विचारलं, तर मी म्हणालो, त्यांना कशाला, ते जीपच्या जमान्यातले. मी ओमप्रकाशला बोलावलं. पिपरीत त्याचं गॅरेज आहे, आणि मामाजींचे जे उस्ताद, त्यांचाच तो मुलगा. त्यानं दोर बांधून, टोचन करून गाडी गॅरेजात आणली, टाकीतलं तेल एका डब्यात काढलं, बोट बुडवलं आणि वास घेतला.

‘पेट्रोल हाये,’ तो म्हणाला. ‘पंपावर चूक झाली का?’

मी म्हणालो, पंपावर गेलोच नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग हळूच विचारलं, ‘काकानं हात लावला का गाडीले?’ आणि मी उत्तर द्यायच्या आधीच त्याला हसू आलं. मला आलं नाही.

ओमप्रकाशनं समजावून सांगितलं. जुनी इंजिनं जाडीभरडी, घालाल ते पचवायची. या नव्या गाडीचा पंप डिझेलच्याच तेलकटपणावर फिरतो. पेट्रोलनं तो कोरडा पडतो आणि आतून घासला जातो. वर आता पंपावरचं पेट्रोलही नुसतं पेट्रोल राहिलेलं नाही, त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, डिझेलमध्ये नीट विरघळत नाही, आणि ते पाणी तळाशी बसतं. ‘टाकी भरलेली असती तर कदाचित धकलंही असतं. चार लिटरात एक लिटर म्हणजे लय झालं. वेळेवर बंद पडली म्हणून पंप वाचला. टाकी धुतो, फिल्टर बदलतो. संध्याकाळी घेऊन जा.’

आम्ही ऑटोनं घरी निघालो.  वाटेत मी दोघांच्याही वाटचं बोललो.

मामाजी वावरात वाटाण्याच्या शेंगा तोडत होते. ऑटो धुऱ्याजवळ, म्हणजे बांधापाशी, थांबला आणि सुरभी उतरली. तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला. असा उजळलेला चेहरा मी त्यांचा आमच्या लग्नातही बघितला नव्हता. क्षणभरच. मग ते टोपलं धुऱ्यावर ठेवून पुढं आले.

‘काऊन परत आले? गाडी कुठं हाये?’

‘टाकीत पेट्रोल होतं, मामाजी.’

‘हो, म्या टाकलं ना. चाळीस लिटरच्या टाकीले दोन पाव हिशेबाचं, दोन पाव लांबच्या रस्त्याचं.’ आणि मग त्यांचा आवाज बदलला. ‘तुमी वरून डिझल भरलं नाई?’

‘नाही भरलं.’

ते मटकन धुऱ्यावर बसले. बाकी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. हिशेब त्यांनी मनात केला असणार. पण मी कुठला थांबतो. मी म्हणालो, ही तुमची जीप नाही. मी म्हणालो, टाकीच्या झाकणावर ठळक अक्षरात फक्त डिझेल असं लिहिलंय, ते काय शोभेला आहे? मी म्हणालो, हायवेवर भरधाव असताना बंद पडली असती म्हणजे? पुण्यात एखाद्या परक्यालाही बोललो नसतो इतकं मी त्या माणसाला त्याच्याच वावरात उभा राहून बोललो. ते खाली बघत ऐकत होते. ‘लिहेल होतं,’ एवढंच म्हणाले. ‘मले वाटलं, ज्याले समजत नाई त्याच्यासाठी लिहेल असन.’

सुरभीनं मला हातानं गप्प केलं. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

‘बाबा, खरं सांगा. मी थांबावं म्हणून केलं का?’

‘नाई.’ त्यांनी लगेच सांगितलं. ‘तुझी आन. पेट्रोल टाकलं ते गाडी नीट जावं म्हणून. तुई आई होती तवा डबा भरून देत होती. मले डबा भरता येत नाई, लोणचं घालता येत नाई, तुले काय पायजे ते समजत नाई. भाजी त पुण्यातबी भेटते. मले एवढंच येते, म्हणून टाकलं.’

मग ते हातातली शेंग सोलायला लागले. दाणे खाली मातीत पडत होते.

‘पन एक गोष्ट हाये,’ ते म्हणाले. ‘तू ऑटोतून उतरतानी दिसली, त मले बरं वाटलं. गाडीले काय झालं, तुमाले लागलं गिगलं का, हे मागून आलं डोक्यात. पह्यले बरं वाटलं. पेट्रोलची माफी मी जवाईबापूले मागतो. याची तुले मागतो, बेटा.’

माझा राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. लाज तेवढी उरली, ती अजून आहे.

सुरभी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती धुऱ्यावर त्यांच्या शेजारी बसली आणि टोपल्यातल्या शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘मले कामं नसतात बाबा. सुट्टी असते. मीच राहत नाही.’

मामाजींनी तिच्याकडे बघितलं.

‘पहिल्या सकाळी उठते ना, तर मी पाहुणी असते. प्रवासानं अंग दुखून राह्यलं असते, बॅग उघडी पडली असते. आई नाही हे माहीत असते. दुसऱ्या सकाळी तसं नसते. दुसऱ्या सकाळी मी घरातली होऊन जाते. उठल्या उठल्या वाटते, आता आई चहा घेऊन येईन. आई गेली तवा तेराव्यापर्यंत रोज सकाळी मले असंच झालं. मग आठवते की नाही येणार. ते मले सोसत नाही बाबा. म्हणून पळते मी.’

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

मामाजी म्हणाले, ‘मले त रोजच दुसरी सकाळ हाये.’

 पलीकडच्या फ्लॅट स्कीमवर काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला आणि त्याच्या आवाजात आम्ही तिघं सगळ्या शेंगा सोलून बसलो. त्या बाजारात न्यायच्या होत्या, सोलायच्या नव्हत्या, हे टोपलं रिकामं झाल्यावर लक्षात आलं.

दुपारी मामाजी म्हणाले, मले गॅरेजात न्या. मी त्यांना मोपेडवर मागं बसवून नेलं. ओमप्रकाशनं उठून त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. गाडीजवळ जाऊन त्यांनी उतरवलेला फिल्टर हातात घेतला, उजेडात धरला, तळाशी साचलेलं पाणी बघितलं. ओमप्रकाशनं त्यांना इथेनॉलचं सांगितलं. ऊस-मक्यापासून काढतात, पेट्रोलमध्ये मिसळूनच पंपावर येतं.

‘म्हंजे पयलेच मिसळून येते,’ मामाजी म्हणाले. ‘आपल्या हातानं मिसळाचं काई राह्यलंच नाई.’

‘नाई राह्यलं काका. आता जे येते तेच भराचं आन निघाचं.’

मामाजींनी फिल्टर जपून पाटावर ठेवला आणि हात पुसले. मला त्या वेळी त्यांचं हसू यायला हवं होतं. जुन्या लोकांना नवं काही कळत नाही, असं म्हणून मी एरवी हसतोच. त्या दिवशी मला दिसलं, की या माणसाच्या हातून देण्यासारखी जी एक गोष्ट होती, तिची आता कोणत्याच गाडीला गरज उरलेली नव्हती.

पाच वाजता ओमप्रकाशचा फोन आला. गाडी तयार होती. अजून उजेड होता, निघालो असतो तर सकाळपर्यंत पुण्यात पोचलो असतो. फोन माझ्या हातात, आणि मामाजी दारात उभे. ‘निघा आता,’ ते म्हणाले. ‘उद्या तुमाले ऑफिस हाये.’ आवाजात कुठं काही नव्हतं. त्यांनी चपलाही घातल्या होत्या, आम्हांला गॅरेजपर्यंत सोडायला.

सुरभीनं माझ्या हातातून फोन घेतला. ‘ओमप्रकाशदादा, गाडी आज राहू द्या. उद्या नेतो.’ मग ती आत गेली आणि बॅगेतले कपडे काढून खुंटीला अडकवायला लागली. मामाजी चपला घालून तसेच उभे होते. कितीतरी वेळानं त्यांनी त्या काढल्या.

रात्री जेवायला त्याच सोललेल्या वाटाण्याची भाजी होती.  झोपायच्या आधी सुरभीला मामाजींनी एकदाच विचारलं, ‘जमन ना तुले?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही.’

सकाळी मला आधी जाग आली. बाहेर धुकं होतं. स्वयंपाकघरात मामाजींची खुडबुड चालली होती. साखरेचा डबा पडला, तो उचलला, गॅस पेटला. सुरभी माझ्या बाजूला तोंडावर गोधडी ओढून झोपली होती. तो आवाज तिच्या झोपेत शिरला असावा. डोळे न उघडता, शाळेतल्या पोरीच्या आवाजात ती म्हणाली, ‘आई, चहा.’

स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली.  सुरभीचे डोळे उघडले. आपण काय बोललो हे तिला कळलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिला धरायला मी हात पुढं केला.

तेवढ्यात आतून मामाजींचा आवाज आला. ‘आणून राह्यलो, बेटा. साखर किती टाकू?’

सुरभी उठली. माझा हात बाजूला करून, गोधडी तशीच अंगावर घेऊन ती आत गेली. मी पडून राहिलो. तिथं माझं काही काम नव्हतं.